मेन पडते, प्लगवाली पडत नाही: कुलरची आरसीडी तपासायची कशी?

उन्हाळा लागला की या पानावर येणाऱ्या पत्रांत कुलर असतोच. यंदा मात्र बऱ्याच जणांनी कुलरसाठी ती प्लगमध्ये लावायची पोर्टेबल आरसीडी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडून लाईट तोडणारी, घेतलेली दिसते, आणि ती तपासताना घोळ होतोय. आपण मीटरजवळ जिला आरसीसीबी म्हणतो, जुने लोक अजून ईएलसीबी म्हणतात, तीच ही जात, फक्त सॉकेटात लावायची आणि तिच्यात कुलरची पिन लावायची. या वेळी सगळी जागा याच पत्रांना देतोय. नावं छापलेली नाहीत, तालुके तेवढे दिलेत.

प्रश्न (दर्यापूर तालुका, अमरावती): आमच्या घरी मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आधीपासून आहे. मागच्या उन्हाळ्यात बाजूच्या गावात कुलरचा करंट लागून एक पोरगं गेलं, तेव्हापासून धसका घेतला अन् यंदा कुलरसाठी वेगळी पोर्टेबल घेतली, तेही ३० चीच. गावच्या वायरमनले तपासायले बोलावलं तर त्यानं होल्डरमध्ये १०० चा बल्ब लावला, एक वायर पोर्टेबलच्या फेजले अन् दुसरी अर्थिंगले. घरचा मेन पडला अन् हे प्लगवाली तशीच चालू. तीनदा करून पाह्यलं, दोनदा मेन पडला अन् एकदा दोन्ही पडले. तो म्हणते का तुमची मशीन बोगस आहे, खरंच पाहाचं असन तर मेनची आरसीसीबी काढून डायरेक्ट करतो मंग तपासू. काय करावं?

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी हे, मेनची आरसीसीबी काढू देऊ नका. पत्र पोचेपर्यंत काढली असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी ती परत जोडून घ्या, मग पुढचं वाचा. आणि दुसरं, त्या बल्बवरून तुमची पोर्टेबल बोगस आहे असं काहीच ठरत नाही.

आरसीडीच्या पोटात एक कडं असतं, त्या कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला तर कडं गप्प राहतं, परत येणारा कमी पडला की ते समजतं की मधे कुठेतरी गळतोय, कुलरच्या पत्र्यातून म्हणा किंवा माणसाच्या अंगातून म्हणा, आणि ते लाईट तोडतं. एवढाच हिशोब आहे, गेलं किती आणि आलं किती. आता १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर ओढतो साधारण ४३० मिलिअँपिअर. तुमच्या वायरमन भाऊनं हा सगळा करंट फेजवरून घेतला आणि अर्थिंगमधून जमिनीत सोडला, न्यूट्रलनं काहीच परत आलं नाही. तो तोटा प्लगवालीला पण दिसला आणि मेनला पण दिसला, कारण करंट दोघींच्या कड्यातून गेला होता. दोघी ३० च्या, दोघींना १४ पट गळती दिसली, दोघी पडायला धावल्या.

मग आधी कोण पडणार? ते आधी सांगताच येत नाही. आयएस १२६४० या भारतीय मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरवाली १५ पर्यंत पडायला नको आणि ३० ला पडलीच पाहिजे, मधे कुठे पडायचं ते प्रत्येक नगाचं वेगळं. वेळेचंही तसंच, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट म्हणजे १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत. एक १५ मिलिसेकंदांत पडते, दुसरी २५ मध्ये पडली असती, पण पहिलीनं लाईट तोडल्यावर दुसरीला पडायला कारणच उरत नाही. दोनदा मेन आणि एकदा दोन्ही, हे अगदी जसं व्हायला पाहिजे तसंच झालंय, यात बोगस काही नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. प्लगवालीवर टेस्ट किंवा नुसतं टी लिहिलेलं बटण आहे ना, तेच तुमचं तपासायचं साधन. ते दाबलं की आतला एक छोटा रेझिस्टन्स कड्याच्या पुढच्या फेजपासून कड्याच्या मागच्या न्यूट्रलला जोडला जातो, म्हणजे करंट कड्यातून जाताना दिसतो आणि परत येताना कड्याला चुकवून येतो. प्लगवालीला वाटतं गळती झाली, ती पडते. पण तो करंट भिंतीतल्या सॉकेटाच्या न्यूट्रलनंच परत गेलेला असतो, त्यामुळे मेनच्या कड्याचा हिशोब बरोबर जुळतो, मेनला पत्ताही लागत नाही. अर्थिंगचा यात संबंधच नाही. म्हणूनच आधीच आरसीसीबी असलेल्या घरात ही तपासणी मेनला हात न लावता होते, काही काढायचं नाही, काही डायरेक्ट करायचं नाही.

करायचं असं. कुलर काढून ठेवा, प्लगवाली कोरड्या हातानं सॉकेटात लावा, रिसेट करा, तिच्यात एखादा टेबल लॅम्प लावा म्हणजे डोळ्यानं दिसेल. बटण दाबा. लॅम्प लगेच विझला आणि घरचे पंखे चालू राहिले तर प्लगवाली काम करते आहे. परत रिसेट करा, लॅम्प लागला पाहिजे. बटण दाबूनही लॅम्प जळतच राहिला तर ती वापरायची नाही, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, बदलून घ्या. आणि लॅम्पसोबत मेन पण पडला तर बोर्डात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकाला लागलेत किंवा प्लगवालीच्या आतच काहीतरी चुकीचं आहे, तेव्हा वायरमनला वायरिंग पाहू द्या, तोवर कुलर त्या सॉकेटावर नको. मेनच्या आरसीसीबीचं बटण वेगळं दाबायचं, ते प्लगवालीच्या बटणानं तपासलं जात नाही. मी स्वतः मेनचं महिन्यातून एकदा दाबतो आणि कुलरच्या प्लगवालीचं पाणी भरायच्या दिवशी दर वेळी, ही सवय लावून घ्या.

बल्बच्या पद्धतीबद्दल थोडं रागानं लिहितोय, माफ करा, पण ही पद्धत आपल्याकडे गावोगावी आहे आणि ती माणूस मारू शकते. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीला हात हात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २०० ओहम झाला आहे, तसा होतोच पाणी टाकलं नाही तर. १०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स साधारण ५२९ ओहम. दोन्ही सिरीजमध्ये, वर २३० व्होल्ट, तर अर्थिंगच्या वायरवर साठच्या वर व्होल्ट येतात. आणि ती अर्थिंगची वायर तुमच्या फ्रिजला, वॉशिंग मशिनला, गोठ्यातल्या मोटारीच्या बॉडीला, सगळ्याला गेलेली आहे. आरसीसीबी असली तर ती लगेच तोडते म्हणून तुमच्याकडे काही झालं नाही. आता मेन काढून डायरेक्ट केलं आणि प्लगवाली खरंच खराब निघाली असं धरा, तर बल्ब जळतोय तोवर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर तेवढे व्होल्ट, आणि त्याच वेळी कोणी गोठ्यात ओल्या पायानं म्हशीला बांधत असेल तर? कोरड्यात ५० व्होल्टच्या वर धोका धरतात, ओल्यात त्याच्या निम्म्यालाच.

माझ्या मावशीच्या घरी एकानं असंच तपासण्यापुरतं म्हणून मेन डायरेक्ट केला होता. तपासून झालं, चहा झाला, माणूस गेला आणि ती डायरेक्टची वायर तशीच राहिली. मला ती दिवाळीत दिसली. म्हणजे पूर्ण पावसाळा ते घर बिना आरसीसीबीचं होतं आणि घरच्यांना वाटत होतं आपण सुरक्षित आहोत.

प्रश्न (आर्वी तालुका, वर्धा): संध्याकाळी बटण दाबलं तर प्लगवाली पडत नाही, सकाळी दाबलं तर पडते. खराब आहे का चांगली?

उत्तर: संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं ते पाहा. बटणाचा करंट एका रेझिस्टन्समधून जातो, व्होल्टेज २३० चं १६० झालं की तो करंट पण त्याच प्रमाणात, म्हणजे जवळपास ७० टक्क्यांवर येतो. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला, मोटारी सुरू झाल्या की गावात हे होतंच. म्हणून बटणाची तपासणी व्होल्टेज चांगलं असताना करा, २१० च्या वर असताना पडत नसेल तर ती गेली समजा. कमी व्होल्टेजला पडत नाही एवढ्यावरून फेकू नका, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पोर्टेबलमध्ये बऱ्याचशा इलेक्ट्रॉनिक असतात, त्यांना स्वतः चालायला पण लाईट लागते. न्यूट्रल तुटला, जो आपल्या खांबांवर वाऱ्यावादळात तुटतोच, तर आतलं सर्किट मेलेलं आणि फेज मात्र सॉकेटपर्यंत जिवंत, अशी हालत होऊ शकते. म्हणून घेताना नो-व्होल्ट रिलीजवाली आणि दोन्ही पोल (फेज आणि न्यूट्रल) तोडणारी मागा, म्हणजे लाईट गेली की ती आपोआप पडते. तुमच्याजवळ आहे ती कोणती ते बघायला मेन स्विच बंद करून चालू करा, प्लगवाली पडलेली राहिली तर नो-व्होल्टवाली आहे.

प्रश्न (दिग्रस तालुका, यवतमाळ): मी लायसन्सवाला वायरमन आहे, यंदा आरसीडी टेस्टर घेतलं. ज्या घरी मेनमध्ये ३० ची आधीच आहे तिथे पोर्टेबल तपासली की टेस्टर २२ मिलिसेकंद दाखवते, पण पडते मेन. मग ही वेळ लिहायची कोणाच्या नावावर? आणि काही घरी तर अर्ध्या करंटलाच मेन पडते.

उत्तर: टेस्टर घेतलंत हे वाचून खरंच बरं वाटलं, आपल्या भागात असे वायरमन हवेत. ती २२ मिलिसेकंदाची वेळ जी पडली तिची. पोर्टेबलच्या नावावर लिहू नका, तिच्याबद्दल त्या आकड्यातून तुम्हाला काहीच कळलेलं नाही. टेस्टर पण फेजवरून अर्थिंगला करंट सोडतं, तुमच्या मेनसाठी ते आणि वरच्या पत्रातला बल्ब सारखंच, फरक एवढाच की टेस्टर मोजून सोडतं आणि लगेच बंद होतं.

अर्ध्या करंटला, म्हणजे १५ ला मेन पडते ते घरातल्या आधीच्या गळतीमुळे. जुना कुलरचा पंप ३ मिलिअँपिअर गळतो, फ्रिज १, गोठ्यात जमिनीतून नेलेली वायर पावसाळ्यात ५ सहज, सगळं मेनच्या कड्यात जमा होतं, त्यात तुमचे १५ टाकले की झाले २४, आणि २२ ला पडणारी आरसीसीबी पडली. तिची चूक नाही. त्या सर्किटवरचं सगळं काढा, पिना उपसा, नुसते स्विच बंद करून भागत नाही कारण स्विच फेजच तोडतो आणि न्यूट्रलची गळती तशीच राहते. मग परत १५ सोडा. अजूनही पडली तर वायरिंगमध्येच गळती आहे, आणि ते शोधणं पोर्टेबलपेक्षा जास्त महत्त्वाचं काम आहे, आधी ते करा.

पोर्टेबलची खरी वेळ मोजायची तर ग्राहकाच्या घरच्या ३० च्या मागे मोजायचीच नाही, पोर्टेबल आपल्या दुकानात आणायची. दुकानात एक बोर्ड असा करा की सॉकेटच्या मागे १०० मिलिअँपिअरची एस टाइपची, म्हणजे उशिरानं पडणारी आरसीसीबी, सोबत एमसीबी आणि मोजून घेतलेलं चांगलं अर्थिंग. साधी १०० ची लावू नका, तिला पाचपट तपासणीचे १५० दिसले की तीही पडायला धावते. एस टाइप तिच्या ठरलेल्या करंटला निदान १३० आणि दुप्पट करंटलाही निदान ६० मिलिसेकंद थांबते, तोवर चांगली पोर्टेबल १५० ला ४० च्या आत पडून मोकळी झालेली असते. म्हणजे तुम्ही संरक्षणाशिवाय काम करत नाही आणि मोजलेली वेळ पण पोर्टेबलचीच. आधी १५ सोडा, पडायला नको. मग ३०, मग १५०, प्रत्येक वेळी एसीच्या लाटेच्या ० आणि १८० अंशांना, दोन्हींतली जास्त वेळ लिहा. पोर्टेबल दर वेळी रिसेट करून, आणि पायात कोरडी चप्पल, हे तुम्हाला सांगायची गरज नाही तरी सांगतो.

काही जण बटणाचंच तत्त्व वापरून पोर्टेबलच्या पुढचा फेज आणि मागचा न्यूट्रल यांच्यात टेस्टर जोडतात, म्हणजे वरची मेन पडत नाही. तत्त्व बरोबर आहे, मोजमाप येतं. पण उघड्या क्लिपा लावून ग्राहकाच्या अंगणात पोरं फिरत असताना हे करू नका, आणि तुमच्या टेस्टरच्या पुस्तकात तसं जोडायला सांगितलं असेल तरच करा.

प्रश्न (मूर्तिजापूर तालुका, अकोला): लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पोर्टेबल तपासली, टेस्टरनं नाही पडली, बटणानं पडली. असं काहून?

उत्तर: इन्व्हर्टरचा न्यूट्रल काही मॉडेलमध्ये मेनच्या न्यूट्रलशी जोडलेला राहतो आणि काहीत लाईट गेली की तुटतो. तुटलेला असला की फेजवरून अर्थिंगला सोडलेल्या करंटला परत यायला रस्ताच नाही, मग टेस्टरला गळती तयारच करता येत नाही. बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच असल्यानं त्याला फरक पडत नाही. छोट्या जनरेटरवर पण हेच दिसेल. तपासणी महावितरणची लाईट असतानाच करा. एक आणखी, सोलर पंपाच्या पॅनेलकडून येणारी लाईट डीसी असते, तिथे ही एसीची प्लगवाली लावायची नाही, ती डीसी गळतीसाठी बनलेलीच नाही.

प्रश्न (मेहकर तालुका, बुलडाणा): कडबाकुट्टीले लावली तर लाईट आल्यावर दर वेळी रिसेट करायले जावं लागते. हे नो-व्होल्टवालं काढून साधी घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, मनापासून सांगतो. मशीन चालू असताना लाईट गेली, घरचं कोणी अडकलेला कडबा काढायला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली तर काय होईल ते तुम्ही आम्ही दोघांनी कुठे ना कुठे पाहिलंय. कुट्टीसाठी नो-व्होल्टवालीच पाहिजे. कुलरचं मात्र वेगळं आहे, रात्री दोनला लाईट आली आणि ४५ अंशांच्या दिवसानंतरच्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसाचा कुलर बंदच राहिला तर तेही बरं नाही. तिथे मीटरजवळ चांगली ३० ची असेल आणि कोणी उठून रिसेट करणारं नसेल तर प्लगवाली साधी चालेल असं माझं मत, पण मग पाणी भरायच्या आधी बटण दाबणं चुकवायचं नाही.

प्रश्न (काटोल तालुका, नागपूर): दोन दोन आरसीडी आहेत, बटणानं दोन्ही पडतात, मग आता कुलर चालू ठेवून पाणी भरलं तर चालते ना?

उत्तर: नाही ताई, चालत नाही. बटणानं तुम्ही आरसीडी तपासली, कुलरचं अर्थिंग तपासलेलं नाही. कुलरच्या पिनेतली हिरवी वायर तुटलेली असेल, आणि जुन्या कुलरात ती तुटलेली किंवा दोन पिनेच्या टॉपमुळे (प्लगमुळे) लावलेलीच नसते, तर पत्र्यात आलेला करंट जमिनीत जायला रस्ता शोधत बसतो, आणि तो रस्ता ओल्या फरशीवर उघड्या पायानं उभं असलेलं माणूस असतं. तेव्हा आरसीडी पडते, पण तुमच्या अंगातून करंट गेल्यावर. ३० मिलिअँपिअर असे ठरवलेत की एवढ्या वेळात शक्यतो हृदय थांबू नये, झटका मात्र बसतोच, आणि झटक्यानं माणूस टाकीवर किंवा पायऱ्यांवर पडतं. हिरवी वायर शाबूत असली तर पत्र्यात करंट येताच आरसीडी पडते, कोणी हात लावायच्या आधी. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल असं सापडलं तर दोनच काय दहा आरसीडी असल्या तरी त्यांचा हिशोब जुळतोच, त्या पडत नाहीत.

म्हणून टॉप तीन पिनेचा लावून घ्या, हिरवी वायर कुलरच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट आहे का ते वायरमनला दाखवा, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहा. पंपाची वायर पाण्यात जोडलेली असेल, टेप मारलेली, तर पंपच बदला. प्लगवाली कुलरच्या तुषारांपासून दूर, उंचावर ठेवा, तिच्यात पाणी गेलं तर तीच धोका होते. आणि पाणी भरताना पिन काढून हातात दिसली पाहिजे, स्विच बंद केला म्हणून नाही, कारण आपल्याकडे कितीतरी बोर्डांत स्विचवर फेजच्या जागी न्यूट्रल आलेला असतो.